सांगलीतील नादारी सल्ला कार्यालय: देणी थकली म्हणून कोणी नादार ठरत नाही, हे नीट समजावून सांगणारी सेवा

सांगलीत विजयनगरच्या न्यायालयाच्या परिसरात एका वकील मॅडमचे आणि त्यांच्या लेखापाल सहकाऱ्यांचे छोटे कार्यालय आहे. थकलेल्या देण्यांबाबत सल्ला देणे, धनकोंशी, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्याशी, बोलणी करणे आणि वेळ आलीच तर नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असे न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा, अर्ज चालवणे, एवढ्याच कामासाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्यांच्यासाठी गेलो त्यांचे प्रकरण बाजारात ओळखू येऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे. परंतु अशा सेवेकडून काय मिळते, काय मिळायला हवे आणि त्यासाठी मोजलेले शुल्क कितपत सार्थकी लागते, हे लिहिणे मला गरजेचे वाटते. देणी थकलेल्या व्यापाऱ्याला आपल्याकडे सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कायदा सांगणारा क्वचितच भेटतो.

माझे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही घरचे आणि बाजारातलेही अण्णा म्हणतो, तासगाव भागातून बेदाणा घेऊन बाहेरच्या राज्यांत पाठवतात. सौद्यात घेतलेल्या मालाचे पैसे अडत्याला ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि बाहेरच्या पेढ्यांकडून येणे मात्र महिनोन्महिने रेंगाळते. या दोन मुदतींमधले अंतर बँकेच्या कॅश क्रेडिटवर भागवले जाते. मागच्या हंगामात दोन मोठ्या गिऱ्हाइकांचे पैसे अडकले, शीतगृहातल्या मालाचा भाव उतरला आणि अण्णांची अडत, म्हणजे अडत्यांना द्यायचे मालाचे पैसे, थकली. मी त्यांच्या वह्या पाहतो, त्यामुळे स्थिती कठीण आहे हे मला दिसत होते. पण यार्डात ‘अण्णांनी हात वर केले’ अशी बोलवा उठली तेव्हा खरी घाबरगुंडी उडाली. मग सल्ले सुरू झाले. घर वहिनींच्या नावावर करून टाका, असे एकाने सांगितले. चार दिवस गाळा बंद ठेवा आणि फोन उचलू नका, असे दुसऱ्याने सुचवले. आधी सोयऱ्यांचे हातउसने फेडा, बाकीचे बसतील बोंबलत, असे तिसऱ्याचे म्हणणे पडले. तिघेही आपुलकीनेच बोलत होते. हे तिन्ही सल्ले नेमके कायद्यात नमूद केलेली नादारीची कृत्ये घडवून आणणारे होते, हे आम्हाला या कार्यालयात गेल्यावर कळले.

पहिल्या बैठकीत मॅडमनी एकूण कर्ज किती, हा प्रश्न आधी विचारलाच नाही. त्यांनी एक आडवा कागद पुढे घेतला, त्यावर पट्टीने रकाने आखले आणि प्रत्येक देण्यासमोर ते कोणाचे, किती, कोणत्या तारखेला देय झाले, त्याला तारण काय आणि जामीनदार कोण, हे अण्णांकडून एकेक करून भरून घेतले. ‘साधारण दिवाळीच्या आसपास’ असे उत्तर आले की त्या पेन खाली ठेवत आणि ‘वही उघडा, अण्णा, तारीख सांगा’ म्हणत. तारखांचा रकाना भरत गेला तसे पुढील महिन्याभरात फेडायचे किती आणि वर्षभरात फेडायचे किती, हे दोन आकडे आपोआप वेगळे झाले. या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे मला विचारले तर मी या कागदाकडे बोट दाखवीन.

कारण कायद्याला विचारायचे असतात ते प्रश्न दोन आहेत आणि आपण ते नेहमी एकात एक मिसळतो. देणे ज्या दिवशी देय होते त्या दिवशी ते फेडण्याची ऐपत आहे का, हा पहिला प्रश्न; आणि असलेले सगळे विकले तर सगळी देणी भागतील का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असू शकते. व्यापारात तर हीच अवस्था जास्त वेळा दिसते. ओळख पुसण्यासाठी आकडे बदलून सांगतो, प्रमाण तेच ठेवतो: अण्णांची देणी 70 लाखांची होती, त्यांत बँकेचे 30, अडत्यांचे 25, पतसंस्थेचे 10 आणि हातउसने 5. समोरच्या बाजूला शीतगृहातला माल 26 लाखांचा, येणी 24 लाखांची आणि कुपवाड रस्त्याकडचा एक प्लॉट 35 लाखांचा. लेखापाल साहेबांनी येण्यांपैकी 10 लाख बुडीत धरून काढून टाकले, तरी बेरीज 75 लाखांवर आली. महिन्याभरात मात्र अडत आणि पतसंस्था मिळून 35 लाख द्यायचे होते आणि हातात येऊ शकणारी रोकड त्याच्या पाव हिश्श्याचीही नव्हती. म्हणजे अण्णा बुडाले नव्हते, अडकले होते. हा फरक घरात कोणी शांतपणे मांडलाच नव्हता.

कोणता कायदा लागू होतो, हेही त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे नाव सर्वांच्या कानावर असते, पण तिचा व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आणला गेला आहे. एकट्याच्या नावाने पेढी चालवणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा साध्या भागीदारीला सांगली-साताऱ्यात आजही 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागू होतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा शासनाने तसे अधिकार दिलेल्या कनिष्ठ न्यायालयात जातो. कंपनीचे प्रकरण असेल तर सगळेच बदलते. तेथे मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावे लागते; थकबाकी किमान 1 कोटी रुपयांची असावी लागते, ही मर्यादा 24 मार्च 2020 पर्यंत 1 लाखाची होती; आणि वित्तीय धनकोच्या, म्हणजे बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याच्या, अर्जावर मुख्यतः देय झालेले देणे थकले आहे का, एवढेच पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये इनोव्हेटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात ही भूमिका मांडली आणि 2022 मध्ये विदर्भ इंडस्ट्रीजच्या निकालात अशा अर्जावर न्यायाधिकरणाला काही तारतम्य वापरता येते, असे म्हटले. आमच्याशी याचा संबंध नसल्याने मॅडमनी हा विषय थोडक्यात आटोपला, ते योग्यच केले.

1920 च्या अधिनियमात नादार ठरण्याचे दरवाजे दोन. ऋणको, म्हणजे देणेकरी, स्वतः अर्ज करू शकतो, पण त्यासाठी कलम 10 प्रमाणे तो देणी फेडण्यास असमर्थ असला पाहिजे आणि त्याशिवाय त्याची देणी किमान 500 रुपयांची असली पाहिजेत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे द्यावेत या दिवाणी निकालाच्या, अंमलबजावणीत त्याला अटक झालेली असली पाहिजे, किंवा त्याच्या मालमत्तेवरील जप्तीचा हुकूम चालू असला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीची ही 500 ची रक्कम आज नावापुरतीच उरली आहे, त्यामुळे खरा भार पहिल्या अटीवर पडतो. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम द्यावी लागते, आपली सर्व मालमत्ता कोठे आहे व किती किमतीची आहे ते लिहावे लागते आणि जप्तीतून वगळलेली सोडून बाकी सगळी न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी लेखी नमूद करावी लागते. असमर्थतेचा पुरावा मात्र कलम 24 नुसार प्रथमदर्शनी पटेल इतकाच पुरतो. ब्रिटिश काळातील शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1916 साली, आधीच्या अधिनियमाखालील एका प्रकरणात, अटी पूर्ण करणाऱ्या ऋणकोला नादारीचा हुकूम मिळण्याचा हक्क आहे आणि त्याच्या गैरवर्तनाचा विचार पुढे मुक्ततेच्या, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सोडवण्याच्या, वेळी करायचा, असे ठरवले होते. हे ऐकून अण्णांना वाटले की मग अर्ज टाकून मोकळे व्हावे. मॅडमनी त्यांना तिथेच थांबवले. अर्जासोबत 75 लाखांच्या मालमत्तेची यादी जोडायची आणि वर 70 लाख फेडता येत नाहीत म्हणायचे, हे कोणत्या तोंडाने सांगणार, असा त्यांचा प्रश्न होता. या सल्ल्याने त्यांचेच पुढचे शुल्क बुडत होते, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो.

दुसरा दरवाजा धनकोचा, आणि आम्ही सर्वांत अनभिज्ञ होतो ते येथेच. धनकोला केवळ ‘याने माझे पैसे दिले नाहीत’ एवढ्यावर कोणाला नादार ठरवून घेता येत नाही. कलम 9 प्रमाणे त्याचे निश्चित रकमेचे देणे असावे लागते आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत ऋणकोकडून नादारीचे कृत्य घडलेले असावे लागते. तारण घेतलेल्या बँकेला अर्ज करायचा असेल तर तारण सोडून द्यावे लागते किंवा त्याची किंमत वजा करून उरलेल्या रकमेपुरतेच धनको म्हणून यावे लागते. आता कृत्ये कोणती, ते कलम 6 सांगते. सर्व धनकोंच्या हितासाठी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता तिसऱ्याच्या हवाली करणे, धनकोंना चुकवण्याच्या किंवा रखडवण्याच्या हेतूने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देणारे हस्तांतर करणे, त्याच हेतूने घर किंवा धंद्याची जागा सोडून जाणे अथवा कोणाला गाठ पडू नये म्हणून दडून बसणे, हुकूमनाम्याच्या वसुलीत मालमत्ता विकली जाणे, अशा वसुलीत तुरुंगात जाणे, स्वतः नादारीचा अर्ज करणे आणि देणी थांबवली आहेत किंवा थांबवणार आहोत असे धनकोला कळवणे.

आता अण्णांना मिळालेले तीन सल्ले या यादीशेजारी ठेवून पाहावेत. घर वहिनींच्या नावावर बक्षीसपत्राने करणे हे नुसते नादारीचे कृत्य नव्हे. हस्तांतरापासून दोन वर्षांत दाखल झालेल्या अर्जावर अण्णा नादार ठरले असते, तर कलम 53 खाली ते बक्षीसपत्रच रद्द होऊ शकले असते. सोयऱ्यांना आधी फेडणे हे झुकते माप झाले असते आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज आला असता तर कलम 54 खाली ती रक्कम परत मागितली गेली असती. म्हणजे ज्यांचे भले करायचे तेच सोयरे रिसीव्हरच्या, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या, नोटिशीत सापडले असते. आणि गाळ्याचे शटर ओढून फोन बंद करणे, जे सर्वांत निरुपद्रवी वाटत होते, त्याने धनकोंच्या हाती आयता पुरावा गेला असता. मॅडमनी अण्णांना दुसऱ्या दिवसापासून गाळा वेळेवर उघडायला आणि प्रत्येक अडत्याचा फोन उचलायला सांगितले. ‘मुदत वाढवून द्या’ म्हणायला हरकत नाही, पण ‘आता मी कोणाचेच देणार नाही’ असे तोंडी किंवा व्हॉट्सॲपवरही जाऊ देऊ नका, एवढी ताकीद दिली. त्यांनी अडत्यांसाठी एका पानाचे मराठी पत्र तयार करून दिले. त्यात प्लॉट विक्रीला काढला आहे आणि येणाऱ्या पैशांतून सर्वांना प्रमाणशीर हप्ता मिळेल, एवढेच लिहिले होते. धनकोने अर्ज केलाच तरी ‘मी देणी फेडण्यास समर्थ आहे’ हे ऋणकोने न्यायालयाला पटवले तर कलम 25 प्रमाणे अर्ज फेटाळला जातो, त्यामुळे हा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवण्यासही बजावले.

अण्णांच्या मनात एक भीती आणखी खोल होती, ती तुरुंगाची. याबाबत मॅडमनी 1980 चा सर्वोच्च न्यायालयाचा जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणातील निकाल सोप्या भाषेत सांगितला. देणे फेडण्याची ऐपतच नाही एवढ्या कारणावरून दिवाणी हुकूमनाम्यासाठी कोणाला कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून टाळाटाळ किंवा लबाडी असावी लागते. धनादेश न वटल्याचा फौजदारी खटला ही गोष्ट वेगळी आहे आणि नादारीच्या अर्जाने तो आपोआप थांबत नाही, हेही त्यांनी लपवले नाही. घरी जाताना अण्णा तासाभराने पहिल्यांदा जेवणाविषयी बोलले.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट मात्र उलट बाजूची होती. अण्णांचे पैसे अडकवणाऱ्या दोन पेढ्यांपैकी एकीकडे निघालेला माल तेव्हा वाटेत होता. 1930 च्या वस्तुविक्री अधिनियमात नादाराची व्याख्या निराळी आहे: धंद्याच्या नेहमीच्या ओघात देणी देणे ज्याने थांबवले आहे किंवा देय होतील तशी देणी जो देऊ शकत नाही, तो त्या अधिनियमापुरता नादार, मग त्याच्याकडून नादारीचे कृत्य घडलेले असो वा नसो. न्यायालयाच्या हुकुमाची येथे वाट पाहावी लागत नाही. असा खरेदीदार असेल तर पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला वाटेतला माल थांबवता येतो, तो वाहतूकदाराच्या ताब्यात असेपर्यंत. लेखापाल साहेबांनी त्या पेढीचे न वटलेले धनादेश आणि मुदत मागणारी पत्रे पाहिली आणि त्याच दुपारी वाहतूकदाराला नोटीस गेली. माल परत वळला. नादारीचा सल्ला घ्यायला गेलेल्या माणसाला त्याच्या गिऱ्हाइकाची नादारीही तपासून मिळते, हे मी तरी इतरत्र पाहिलेले नाही.

नादार ठरलेच असते तर पुढे काय, हे सांगतानाही त्यांनी काही सुशोभित केले नाही. हुकूम झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा दावा करता येत नाही. मात्र तारण असलेल्या बँकेचा हात त्यामुळे अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मधील वस्तू वगळल्या जातात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. हे ऐकताच सोबत आलेल्या वहिनींचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला आणि मॅडम वाचायच्या थांबून त्यांना म्हणाल्या, ‘वहिनी, त्याला कोणी हात लावत नाही.’ मुक्ततेचा टप्पा सर्वांत अवघड आहे. बिनतारणी देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल, मागील तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवलेल्या नसतील, किंवा आपण नादार आहोत हे ठाऊक असूनही धंदा पुढे रेटला असेल, तर कलम 42 प्रमाणे न्यायालय पूर्ण मुक्तता नाकारते. आठ आण्यांची तूट ज्याबद्दल ऋणकोला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीमुळे पडली, हे त्याने पटवले तर तेवढ्यापुरती सवलत आहे. शेवटी मुक्तता मिळाली तरी शासकीय देणी आणि लबाडीतून झालेली देणी सुटत नाहीत.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पतसंस्थेच्या कर्जाला अण्णांचे धाकटे मेहुणे जामीनदार आहेत. ऋणकोच्या मुक्ततेने जामीनदार सुटत नाही, ही गोष्ट रकान्यात जामीनदाराचे नाव लिहूनही आम्हाला अगदी शेवटी सांगण्यात आली. ती पहिल्या बैठकीत सांगायला हवी होती, कारण मेहुण्यांना तेवढा काळ आपला संबंध नाही असे वाटत राहिले. दुसरे असे की सल्ल्याचे टिपण आधी इंग्रजीत मिळाले आणि मराठी प्रत मागितल्यावर आठवडा गेला. गिऱ्हाईक तासगाव-कवठेमहांकाळकडचे असताना मराठी प्रत आधी तयार असावी. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. बैठकीची दिलेली वेळ मात्र त्यांनी प्रत्येक वेळी पाळली. शुल्क बैठकीगणिक आकारतात आणि ते आधी लेखी कळवतात. माझ्या मते ते रास्त आहे, पण ज्याचे सगळे देणेच एखाद्या लाखाचे आहे त्याला ते जड जाईल. अशा माणसाने आधी न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या अधिनियमानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळू शकतो. मॅडमनी हे स्वतःहून सांगितले.

पाचपैकी चार तारे मी देतो. राहिलेला एक जामीनदाराच्या मुद्द्यासाठी राखून ठेवला आहे. हंगाम उलटलेले बेदाणा-हळदीचे व्यापारी, भागीदारी मोडकळीस आलेले अडते आणि ज्यांच्यावर पैशाचा हुकूमनामा होऊन दरखास्त, म्हणजे त्याच्या वसुलीचा अर्ज, दाखल झाली आहे, अशांनी येथे अवश्य जावे, आणि शक्य तर घर, जमीन, सोने यांतले काहीही कोणाच्या नावावर करण्याआधी जावे. जाताना तीन वर्षांच्या वह्या, बँकेचे उतारे, प्रत्येक कर्जाचा करार, जामिनाची कागदपत्रे, सातबारा आणि मिळकतपत्रिका सोबत न्याव्यात. देण्यांच्या तारखा घरीच एका कागदावर काढून ठेवल्या तर पहिल्या बैठकीचा अर्धा वेळ वाचतो आणि जामीनदाराला सोबत नेले तर त्याचा प्रश्न त्याच दिवशी विचारता येतो.